परगावच्या माणसाचे ताट

सातारा शहराचे व्यवहारजीवन दोन टोकांमध्ये ताणून बसविलेले आहे. पश्चिमेच्या अंगाला राजवाडा, पूर्वेच्या अंगाला पोवई नाका, आणि या दोहोंना जोडणारे दोन रस्ते, ज्यांना गावकरी वरचा रस्ता व खालचा रस्ता एवढ्याच नावांनी ओळखतात. राजवाड्याच्या बाजूला छत्रपतींच्या राजधानीच्या पेठा, वाडे, देवळे आणि पिढीजात दुकाने. नाक्याच्या बाजूला कचेऱ्या, न्यायालय, एस. टी. स्थानक आणि सदर बझारातील जुन्या छावणीची मोकळी वस्ती. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर जेम्स ग्रँट डफ रेसिडेंट म्हणून येथे आला, तेव्हा इंग्रजांनी आपला तळ गावाबाहेर, मोकळ्या माळावर ठेवला. आणि 1848 साली राज्य खालसा झाल्यावर मुलखाचा कारभारही हळूहळू त्याच दिशेने सरकत गेला.

अशी जुळी नगरे ही काही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. मोरोक्को देशावर 1912 साली फ्रेंचांचे संरक्षित राज्य आले, तेव्हा तेथील रेसिडेंट जनरल लिओते याने जुन्या तटबंद शहरांना हात न लावता त्यांच्या शेजारी नवी शहरे वसविण्याचे धोरण स्वीकारले, आणि आँरी प्रोस्त या वास्तुविशारदाने त्यांचे आराखडे केले. मराकेश शहरातील गेलिझ हा विभाग अशाच नवनगरांपैकी एक. जुन्या शहरात संध्याकाळी जामा अल्‌फना या विस्तीर्ण चौकात धुराचे लोट उठवीत खाद्यपदार्थांच्या गाड्या मांडल्या जातात. पण खुर्ची ओढून, यादी पाहून, सावकाश जेवायचे असेल तर प्रवासी गेलिझची वाट धरतो. साताऱ्यात आलेल्या पाहुण्यालाही थोडाफार असाच अनुभव येतो. सायंकाळी राजवाड्यासमोर गांधी मैदानावरची चौपाटी भेळ, पाणीपुरी आणि पावभाजीच्या गाड्यांनी गजबजून जाते, मोती चौकात खरपूस भाजलेल्या खव्याचे कंदी पेढे पुडक्यांत बांधले जातात. मात्र पोटभर जेवणाची चौकशी केली, की बहुतेक सातारकर नाक्याकडे बोट दाखवितो.

असे का व्हावे? स्थलविस्तार, वाहनांची सोय, जागेचे भाडे ही कारणे खरी आहेत. परंतु माझ्या मते मूळ कारण निराळे आहे. जुन्या पेठेत प्रत्येकाला आपले घर असते, आणि ज्याला घर असते त्याला बाहेरच्या ताटाची निकड नसते. बाहेरचे जेवण ही संस्था परगावच्या माणसाने निर्माण केली. तारखेसाठी आलेला पक्षकार, दप्तरे घेऊन आलेला तलाठी, बाजार समितीत माल उतरविणारा शेतकरी, शिक्षणासाठी आलेला मुलगा, रुग्णाच्या उशाशी बसलेला नातलग, या मंडळींच्या भुकेवर खानावळ उभी राहिली, आणि ही मंडळी जेथे उतरतात तेथेच ती वाढली.

आणखी एक कारण आहे, आणि ते फार सुखद नाही. गावठाणात माणसाचे नाव, आडनाव, कुळ सर्वांना ठाऊक असे, आणि कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, याचे दस्तुर पक्के होते. सुमारे 1901 साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेले बालवयातील भीमराव आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची मुले मसूर स्टेशनावर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्याच्या आमिषाने एकजण कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. मुलांजवळ शिदोरी होती, पण पाणी कोठेही मिळाले नाही, आणि वाटेतल्या जकातनाक्याशी सबंध रात्र त्यांनी उपाशीपोटी काढली. अन्न हाताशी असून उपास घडविणारा हा रिवाज ज्या मुलखात नांदत होता, तेथे सर्वांसाठी मांडलेले ताट ही केवढी मोठी क्रांती होती, हे आज हॉटेलात निश्चिंतपणे राइसप्लेट मागविणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख करून तेथील मज्जाव निषिद्ध ठरविला, तो उगाच नव्हे.

कायद्याच्या कितीतरी आधी साताऱ्यातच एका पंक्तीने हा धडा घालून दिला होता. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे स्थापिलेली रयत शिक्षण संस्था 1924 साली साताऱ्यास आली, आणि तिच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू व जेवू लागली. 1927 साली महात्मा गांधींनी येथे येऊन त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण केले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही हकीकत या जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. सार्वजनिक भोजनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ हॉटेलांच्या पाट्यांपासून न करता या बोर्डिंगाच्या चुलीपासून करावा लागेल.

जुन्या-नव्या वस्तीची अशीच फोड शेजारच्या सांगलीतही दिसते, पण तिची रचना पटवर्धनांच्या संस्थानी वळणाची. कृष्णाकाठी गणपती मंदिर, त्याभोवती गणपती पेठ, हरभट रस्ता, मारुती चौक, ही झाली जुनी सांगली. येथे भडंग घ्यावा. चुरमुऱ्यांना तेल, लसूण, तिखट, शेंगदाणे आणि हळद लावून केलेला हा पदार्थ सांगलीकराच्या प्रवासी पिशवीत हटकून सापडतो. आणि हळदीचे तर हे गाव आगरच, कारण शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांत ती वर्षानुवर्षे साठविली जात असे. 2005 आणि 2019 सालच्या महापुरांत कृष्णेने या जुन्या पेठेत शिरून दुकानांचे अतोनात नुकसान केले.

नवी सांगली मिरजेच्या वाटेवर विश्रामबागेत वाढली, आणि तिला जन्म दिला तो विद्येने. 1919 साली विलिंग्डन महाविद्यालय आणि 1947 साली अभियांत्रिकी महाविद्यालय, जे पुढे उद्योगपती वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, या दोन संस्थांनी दूरदूरच्या मुलांना येथे आणले. मुलांच्या मागोमाग खोल्या आल्या, आणि खोल्यांच्या मागोमाग मेस. या मेसचा शिरस्ता पाहण्यासारखा असतो. महिन्याचे पैसे आगाऊ. दोन वेळचे जेवण. आधी कळवून गावी गेल्यास खाडे वजा. रविवारी दुपारी गोडाधोडाची फीस्ट आणि रात्री चूल बंद. रविवारच्या त्या रात्री भुकेली मुले रस्त्यावर उतरतात, आणि त्यांच्यासाठी अंडाभुर्जी, डोसा, वडापाव यांच्या गाड्यांची रांग लागते. चुलीच्या एका साप्ताहिक सुट्टीवर कितीतरी गाड्यांचा संसार चालतो.

मिरजेची गोष्ट याहून निराळी. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय काढले, आणि तेव्हापासून महाराष्ट्र व कर्नाटकातील आजारी माणूस मिरजेची वाट चालू लागला. त्यातच हे गाव लोहमार्गाचे जंक्शन. 1971 साली रुंद मार्ग आल्यावरही बंगळूरकडची मीटर गेजची गाडी आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी यांच्या अदलाबदलीत प्रवाशांना येथे ताटकळावे लागे. रुग्णाचा नातलग आणि गाडी बदलणारा वारकरी या दोघांनाही स्वस्त, साधे, पथ्याला चालेल असे जेवण हवे असते. म्हणून स्टेशन आणि दवाखाने यांच्या आसपास वरणभात, पोळीभाजी आणि कानडी वळणाची इडली यांचे सख्य जुळले.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची म्हणून एक चव सांगावयाची झाली, तर ती शहरांत नाही, पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. कराड ते पेठ नाका आणि तेथून इस्लामपूरच्या बाजूस ढाब्याढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो: न फोडलेला मसूर कांदा, लसूण आणि मसाल्यात दाट शिजवून, तर्रीसह भाकरीबरोबर वाढलेला. रात्रीच्या मालमोटारीचा चालक आणि साखर कारखान्याचा संचालक शेजारच्या बाकांवर बसून तोच मसूर खातात. ज्यांना सामिष चालते त्यांच्यासाठी मटणाचे ताट, आणि कोल्हापूरच्या सीमेवरून आलेला तांबडा-पांढरा रस्सा, हा सांगलीच्या बाजूस सर्वत्र आहे. साताऱ्याकडे वाढताना खर्ड्याचा वाटा वाढतो.

याच मुलखातील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि तेथे त्यांना जेवू घातले ते खानावळवाल्या बायकांनी. दहा-बारा गड्यांचे डबे करणाऱ्या, सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. खानावळीचा जमाखर्च पुरुषाच्या नावे आणि कष्ट बाईच्या वाट्याला, ही वहिवाट सातारा-सांगलीतही तीच होती. पोळपाटाशी बाई, गल्ल्यावर मालक, आणि बाकावर फक्त पुरुष गिऱ्हाइके. बाईने एकटीने येऊन जेवणे बरे दिसत नसे. तिच्यासाठी पडद्याआड फॅमिली रूम असे, तीही कुटुंबासह आली तरच.

म्हणून नव्या वस्तीत कोठे जेवावे असे पाहुण्याने विचारले, तर माझे उत्तर रुचीपुरते मर्यादित नाही. न्यायालयाची मधली सुट्टी झाल्यावर ज्या दाराशी पक्षकारांची गर्दी होते, एस. टी.चे चालक-वाहक जेथे रोज बसतात, मेसच्या सुट्टीच्या रात्री मुले जेथे धावतात, तेथे अन्न ताजे असते, कारण रोजच्या गिऱ्हाइकाला फसविता येत नाही. परंतु जातीची विचारणा ज्या बाकावरून उठली, तेथे बाईची विचारणा अजून पुरती उठलेली नाही. विश्रामबागेत परगावहून शिकावयास आलेल्या मुली हा प्रश्न आपल्या परीने सोडवू लागल्या आहेत. त्या महिन्याचे पैसे भरतात, पडद्याआड न जाता मुलांच्याच बाकांवर बसतात, भाजी अळणी झाली तर मालकाला तोंडावर सांगतात, आणि आपले खाडे पै-पैशाने वजा करून घेतात.