वातायन आणि वांटणी

संस्कृतांत खिडकीस ‘वातायन’ म्हणतात. वात म्हणजे वारा व अयन म्हणजे जाण्याचा मार्ग. नुसता येण्याचा नव्हे. आलेला वारा ज्या वाटेनें बाहेर पडेल ती वाटही या शब्दांत आली. मालवण किनाऱ्यावरील जुन्या घराची सारी रचना हेंच सांगते.

नागपुरास वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी. आमच्याकडे तो बहुधा ३३-३४ वर थांबतो. तरी जीव कासावीस होतो, कारण दमट हवेंत घाम वाळत नाहीं. म्हणून येथें भिंतीच्या जाडीपेक्षां वारा खेळता असण्याला महत्त्व. सेकंदास १ मीटर वेगाची झुळूक अंगावरून गेली, तरी खोली सुमारें ३ अंशांनीं उतरल्यासारखी वाटते.

दिवसां पश्चिमेकडून खारे वारे येतात, रात्रीं जमिनीवरून मतलई वारे उलट वाहतात. पडवी, ओटी, माजघर व मागील दार एका ओळींत असल्यानें झुळूक थेट परसांत निघे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढे व कौलांच्या फटींतून निसटे. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. तीं मंगलोरी कौलें पुढें आमच्याकडे घरोघर आलीं. नळीच्या देशी कौलांहून तीं घट्ट बसतात खरीं, तरी त्यांच्या सांध्यांतूनही हवा जातेच.

आतां भाऊ वेगळे होतात. माजघराच्या मधोमध चिऱ्याची भिंत आढ्याला भिडते. एकाकडे पूर्व जाते, दुसऱ्याकडे पश्चिम. खिडक्या दोघांनाही मिळतात, वारा कोणालाच नाहीं. कारण जेथें बाहेर पडण्यास वाट नाहीं तेथें तो आंत शिरतही नाहीं. मग कौलें उतरवून स्लॅब घालतात. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्रीं खोलींत उष्णता सोडतो, आणि वातानुकूलन यंत्राचीं बिलें दोन्ही बिऱ्हाडांत येऊं लागतात. घरांतील वडील माणूस पडवींत खाट टाकतो, तो उगीच नव्हे.

दरसाल कौलें शाकारावयास माणूस मिळत नाहीं, माकडें तीं फोडतात, हें मला मान्य. ज्यांनीं स्लॅब घातलाच आहे त्यांनीं वर हात-दोन हात पोकळी राखून कौलांचें छप्पर चढवावें. वांटणीची भिंत घालणेंच प्राप्त झालें, तर ती सुमारें ७ फुटांवर थांबवून वर चिऱ्यांची जाळी रचावी. बोलणें पलीकडे ऐकूं जाईल, अशी हरकत निघते. त्यासाठीं जाळीस लांकडी झडपा बसवाव्या. रात्रीं उघड्या ठेवाव्या, आणि भांडण निघालें तर तेवढा वेळ लावून घ्याव्या.