उन्हाळा, कोंडी आणि सुपरचार्जर : इंजिनात जाणारी हवा थंड का ठेवावी लागते?

सुपरचार्जर बसवलेल्या मोटारीची सर्वांत कठीण परीक्षा उत्तर भारतातील मे महिन्याच्या दुपारी, शहरातील वाहतूक कोंडीत होते. लखनौचा चौक हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. मराठीत चौक म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा. लखनौमध्ये मात्र गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या आसपास पसरलेल्या संपूर्ण जुन्या बाजारपेठेलाच चौक म्हणतात. चिकनकारीच्या कपड्यांची, अत्तरांची आणि कबाबांची दुकाने, त्यांच्यामधून वाहणारी सायकल रिक्षा, ई-रिक्षा आणि दुचाकींची अखंड रांग असे येथील दृश्य असते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि ‘लू’ नावाचे उष्ण वारे वाहतात. अशा ठिकाणी वातानुकूलन यंत्र चालू ठेवून पावलापावलाने पुढे सरकणाऱ्या मोटारीच्या बॉनेटखाली काय घडत असते, हे समजून घेण्यासाठी प्रथम हवेचे गणित पाहावे लागेल.

इंजिनाची शक्ती ही त्यात किती इंधन जळते यावर अवलंबून असते आणि किती इंधन जळेल हे प्राणवायूच्या प्रमाणावर ठरते. सर्वसाधारण इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच भागवते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्याने फिरणारा पंप असून तो हवा दाबून आत ढकलतो. टर्बोचार्जर हेच काम धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर करतो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला हवेचा पंप पुढे मोटारींच्या इंजिनावर आला, तर मर्सिडीज कंपनीने सुपरचार्जर असलेल्या आपल्या मोटारी १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडल्या.

महाराष्ट्राचाही या यंत्राशी संबंध आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या भारतीय कंपनीने पुणे परिसरात सी-क्लास मोटारींची जुळवणी केली. त्यांपैकी ‘सी २०० कॉम्प्रेसर’ या मोटारीत १.८ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर होता. कॉम्प्रेसर हे सुपरचार्जरचे जर्मन नाव. पुढे कंपनीने या इंजिनावर सुपरचार्जरऐवजी टर्बोचार्जर बसवला. नवी असताना केवळ धनिकांच्या आवाक्यात असलेली ही मोटार आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तुलनेने स्वस्तात मिळते. त्यामुळे देखभालीचे आणि उष्णतेचे प्रश्न आता तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचे झाले आहेत.

दाबाबरोबर तापही वाढतो

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. वायू दाबला की तापतो. सुपरचार्जरमध्ये तेच घडते आणि रूट्स पद्धतीच्या यंत्रात अधिक प्रमाणात घडते. कारण या यंत्राच्या पोटात हवा हळूहळू दाबली जात नाही. ती पाकळ्यांमध्ये अडकून पुढच्या नळीत टाकली जाते आणि तेथील दाबाखालची हवा उलटी येऊन तिच्यावर आदळते. या गोंधळात बरीच ऊर्जा केवळ उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

एक हिशेब करून पाहू. बाहेरचे तापमान ४५ अंश आहे, सुपरचार्जर हवेचा दाब दीडपट करतो आणि त्याची कार्यक्षमता ६० टक्के आहे, असे धरले तर यंत्रातून बाहेर पडणारी हवा सुमारे ११० अंशांवर पोहोचते. दाब दीडपट झाला म्हणजे हवाही दीडपट मिळाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तापलेली हवा विरळ होत असल्याने तिचे वस्तुमान सुमारे २५ टक्क्यांनीच वाढते. अपेक्षित लाभातला निम्मा भाग तापानेच खाऊन टाकला. डॅशबोर्डवर बसवलेल्या दाबमापकाकडे अभिमानाने पाहणाऱ्या हौशी मालकांनी हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो काटा दाब दाखवतो, हवेचे वजन दाखवत नाही.

येथे इंटरकूलरची गरज भासते. हा ॲल्युमिनियमचा छोटा रेडिएटरच असतो. फरक एवढाच की त्याच्या नळ्यांतून पाण्याऐवजी इंजिनाकडे जाणारी हवा वाहते. दाबल्यामुळे वाढलेल्या तापमानापैकी ७० टक्के भाग या रेडिएटरने काढून घेतला, तर वरील उदाहरणातील हवा ११० वरून सुमारे ६५ अंशांवर येते आणि वस्तुमानातील वाढ २५ ऐवजी ४१ टक्के होते. त्यासाठी अर्थातच मोटार पुरेशा वेगाने धावत असणे आणि समोरून वारा मिळत असणे आवश्यक आहे.

कोंडीत काय होते?

चौकातील कोंडीत ही अटच मोडते. आधुनिक मोटारीच्या पुढच्या बाजूला वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर, इंजिनाचा रेडिएटर आणि इंटरकूलर एकमेकांच्या मागे किंवा शेजारी दाटीने बसवलेले असतात. मोटार थांबली की केवळ पंख्याने ओढलेली हवा त्यांना मिळते. डांबरी रस्त्याचा ताप, पुढच्या वाहनाचा धूर आणि बॉनेटखालून फिरून पुन्हा पुढे येणारी गरम हवा यांमुळे ती बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापलेली असते. इंजिन मंद गतीने चालत असताना सुपरचार्जर दाब निर्माण करत नाही. जास्तीची हवा बायपास व्हॉल्व्हमधून परत फिरवली जाते. परंतु नळ्या, मॅनिफोल्ड, सुपरचार्जरचे आवरण आणि इंटरकूलर हे सारे धातू या काळात तव्यासारखे तापत राहतात.

खरा प्रसंग पुढे येतो. गर्दी संपून मोटार रूमी दरवाज्याच्या बाजूच्या रुंद रस्त्याला लागते, चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि सुपरचार्जर एकदम कामाला लागतो. समजा, या क्षणी इंजिन ओढत असलेली हवा ६० अंशांची आहे आणि तापलेल्या इंटरकूलरची क्षमता ४० टक्क्यांवर आली आहे. तर इंजिनात शिरणारी हवा १०० अंशांच्या घरात जाते आणि ४१ टक्क्यांचा लाभ २७-२८ टक्क्यांवर उतरतो. ‘गाडी उन्हात ओढत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे सापडते. वारा मिळू लागला की काही वेळात स्थिती सुधारते.

शक्ती कमी होणे हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम होय. गंभीर धोका वेगळा आहे. सिलिंडरमध्ये शिरतानाच तापलेले मिश्रण दाबले गेले की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप भडकू शकतो. याला नॉकिंग म्हणतात. कान देणाऱ्याला तो धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज ऐकू येतो. नॉकिंग वारंवार आणि जोरात होऊ लागल्यास पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगा तुटतात आणि अखेर इंजिन उघडावे लागते. कारखान्यातून आलेल्या मोटारीत यावर पहारा असतो. एक सेन्सर येणाऱ्या हवेचे तापमान मोजतो, दुसरा नॉकिंगचे कंप ओळखतो आणि इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवून धोका टाळतो. मात्र ठिणगी उशिरा पडली की शक्ती आणखी घटते, इंधन अधिक जाते आणि धुराचे तापमान चढते.

कोणते उपाय खरे?

सर्वांत स्वस्त उपाय इंजिन हवा कोठून घेते यात आहे. गॅरेजमध्ये हौसेने बसवला जाणारा उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आवाज झकास देतो. पण तो बॉनेटखाली उघडाच ठेवला तर इंजिनाभोवतीची तापलेली हवा आत घेतो. बाहेरची हवा ४५ ऐवजी ७० अंशांवर आत घेतल्यास तिची घनता सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते. शिवाय हा २५ अंशांचा फरक सुपरचार्जरमधून जाताना ३० अंशांचा होतो. मूळ बंद खोका आणि पुढच्या जाळीमागून येणारी नळी शाबूत ठेवणे, हेच अशा वेळी शहाणपणाचे असते. त्याबरोबर इंटरकूलर आणि कंडेन्सर यांमध्ये अडकलेली धूळ, पाने आणि किडे काढणे, पंखे दोन्ही गतींना फिरतात का ते पाहणे आणि हवेच्या नळ्यांची गळती तपासणे ही कामे येतात. गळती असेल तर तोच दाब देण्यासाठी सुपरचार्जरला अधिक हवा ढकलावी लागते.

हवेने थंड होणाऱ्या इंटरकूलरला पर्याय पाण्याचा आहे. २००२ च्या मर्सिडीज ई ५५ एएमजी या मोटारीच्या ५.४ लिटर व्ही-८ इंजिनावर हीच रचना होती. दाबलेल्या हवेची उष्णता पाण्यात जाते आणि ते पाणी स्वतंत्र विजेच्या पंपाने पुढच्या छोट्या रेडिएटरपर्यंत नेले जाते. तेवढ्याच वजनाच्या ॲल्युमिनियमच्या तुलनेत पाणी चौपटीहून अधिक उष्णता सामावून घेते. त्यामुळे सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या छोट्या धावा ते सहज झेलते. शहरी मोटारीसाठी ही रचना उजवी वाटते. परंतु एकदा का ते पाणी तापले की लवकर निवत नाही, आणि पंप बंद पडला तरी चालकाला प्रथम काहीच कळत नाही; मोटार फक्त मंद वाटू लागते. म्हणून अशा मोटारीत उन्हाळ्यापूर्वी पंप तपासणे हे तेल बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. टर्बो मोटारींतही हीच कल्पना रुजली आहे. फोक्सवॅगन समूहाच्या १.० लिटर टीएसआय इंजिनात, जे समूहाच्या चाकण येथे तयार होणाऱ्या मोटारींतही बसवले जाते, पाण्याने थंड होणारा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच सामावलेला आहे.

याहून टोकाचा उपाय म्हणजे हवेत पाण्याचा सूक्ष्म फवारा मारणे. पाण्याची वाफ होताना मोठ्या प्रमाणात उष्णता शोषली जाते. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांत तो वापरला गेला आणि २०१६ च्या बीएमडब्ल्यू एम ४ जीटीएस या मोटारीतही आला. रोजच्या वापरासाठी तो झेपणारा नाही. टाकी रिकामी झाली आणि संगणकाला ते कळले नाही तर संरक्षण एका क्षणात नाहीसे होते.

सर्वाधिक इंजिने धोक्यात येतात ती वेगळ्याच हौसेपायी. सुपरचार्जरची पुली लहान केली की तो अधिक वेगाने फिरतो आणि दाब वाढतो. हा बदल करणे सोपे आहे आणि दाबमापकावर लगेच दिसतो. पण दाब दीडपटीऐवजी १.८ पट केला आणि वाढत्या गतीमुळे कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर घसरली, तर ४५ अंशांच्या दुपारी सुपरचार्जरमधून निघणारी हवा १५० अंशांवर जाते. मूळ इंटरकूलर एवढ्या उष्णतेसाठी घडवलेला नसतो. जर्मनीतील १५ अंशांच्या सकाळी जे निभावते ते लखनौ, नागपूर किंवा चंद्रपूर येथील उन्हाळ्यात निभावेलच असे नाही. ज्याला दाब वाढवायचा आहे त्याने आधी मोठा इंटरकूलर, तापमान नोंदवणारे उपकरण आणि ठिणगीच्या वेळेची नव्याने केलेली आखणी यांचा खर्च धरावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, हेही विसरता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीसमोर हा प्रश्न उभा राहू शकतो.

इंधनाचा वाटाही मोठा आहे. भारतात दीर्घकाळ साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते, तर युरोपातील अशा इंजिनांना ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनची अपेक्षा असते. ऑक्टेन जितके अधिक तितके नॉकिंग उशिरा. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले. पहिल्या टप्प्यातील दहा शहरांत मुंबई आणि पुणे यांचा समावेश होता. त्यानंतर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. इथेनॉलचे ऑक्टेन जास्त असते आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. केवळ तापमानाचा विचार केला तर सुपरचार्जरसाठी ही बाब अनुकूलच म्हणावी लागेल. दुसरी बाजू अशी की इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असल्याने इंधन अधिक लागते, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मोटारींमधील रबरी नळ्या, सील आणि इंधन पंप या मिश्रणासाठी तयार केलेले नव्हते. मिश्रणाला पुरेसे इंधन मिळाले नाही तर सिलिंडरमधील तापमान पुन्हा वाढते. त्यामुळे जुन्या कॉम्प्रेसर मोटारीच्या मालकाने मार्च संपण्यापूर्वी इंटरकूलरबरोबर इंधनाच्या नळ्या, पंप आणि इंजेक्टर यांचीही तपासणी करून घेणे इष्ट ठरेल.