हत्ती पकडणाऱ्यांचा गणपती

पनवेल हे फाट्यांचं गाव. इथून एक रस्ता गोव्याकडे सुटतो आणि तासाभरात पेणला पोचवतो, जिथे वर्षाचे बाराही महिने गणपती घडत असतात. दुसरा खोपोलीकडे जातो. त्या बाजूला महडचा वरदविनायक आणि पुढे आत पालीचा बल्लाळेश्वर, म्हणजे अष्टविनायकांपैकी रायगड जिल्ह्याच्या वाट्याला आलेले दोघे. या रस्त्याने यात्रेला जाणाऱ्या गाड्यांमध्ये अलीकडे थायलंडहून आलेल्या मंडळींच्या बसही असतात. बँकॉकच्या प्रवासी कंपन्या चक्क अष्टविनायकाच्या सहली काढतात. मुंबईत उतरायचं, सिद्धिविनायक करायचा, आठ देवळं, पुण्यात दगडूशेठ, की परत घरी.

देश बौद्ध. तिथली माणसं महडच्या गाभाऱ्यात, 1892 पासून अखंड तेवणाऱ्या नंदादीपाशेजारी हात जोडून उभी राहतात, तेव्हा आपल्याला वाटतं, हे कसलं नवं वेड? वेड नवं असेल, गणपती नवा नाही. तो तिकडे तेराशे वर्षांपूर्वीच पोचला आहे, आणि आपल्याला न विचारता तिथे त्याने निराळेच उद्योग केले आहेत.

त्याच्याही आधीचा एक धागा सांगायलाच हवा. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात अशोकाच्या काळी धर्मप्रसारासाठी कोणाला कुठे धाडलं याची यादी आहे. अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, योनक धम्मरक्खित, महारट्ठाला महाधम्मरक्खित, आणि सुवर्णभूमीला सोण आणि उत्तर हे दोघे. कोकण, देश आणि सयाम, म्हणजे आजचं थायलंड, एकाच यादीत! सुवर्णभूमी नेमकी कुठली यावर ब्रह्मदेश आणि थायलंड दोघंही हक्क सांगतात, पण थायलंडने 2006 मध्ये सुरू झालेल्या बँकॉकच्या नव्या विमानतळालाच ते नाव देऊन टाकलं. विमानतळाच्या आत समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे. बॅगा ओढत जाणाऱ्या प्रवाशांच्या डोक्यावरून देव आणि दानव वासुकीला ओढत असतात.

समुद्रातून माणसं खरोखर जात-येत होती. दक्षिण थायलंडमध्ये क्राबीजवळ ख्लोंग थोम इथे सोन्याचा कस लावायचा एक छोटा दगड सापडला. त्यावर तमिळ-ब्राह्मी अक्षरांत मालकाचं नाव कोरलेलं आहे, की हा पेरुम्पतनचा दगड. साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकातला हा सोनार. धंद्याचं हत्यार हरवू नये म्हणून त्यावर नाव घालणारा माणूस मला दहा राजांपेक्षा जवळचा वाटतो. देव परदेशी गेले ते अशाच लोकांच्या गाठोड्यांतून, आणि मागोमाग आलेल्या पुरोहितांच्या तोंडून.

थायलंडच्या पूर्वेकडे प्राचीनबुरी प्रांतात सी महोसोत नावाचं जुनं नगर आहे. तिथे सापडलेला वालुकाश्माचा गणपती जवळजवळ माणसाएवढा उंच आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा. त्या काळच्या तिकडच्या गणपतींना मुकुट नसे, डोकं अगदी रानातल्या हत्तीसारखं. आपल्या डोळ्यांना पीतांबर, शेला, मुकुट यांची सवय, त्यामुळे हे रूप पाहिल्यावर आधी हत्ती दिसतो, मग देव.

नंतर कंबोडियाच्या ख्मेर राजांचा अंमल आला. बुरीराम प्रांतात विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर त्यांनी फनोम रुंगचं शिवमंदिर बांधलं. त्याची पंधरा दारं अशी एका रेषेत बसवली आहेत की वर्षातून दोनदा उगवता आणि दोनदा मावळता सूर्य त्यातून आरपार दिसतो. पालीला बल्लाळेश्वराच्या मूर्तीवर ठराविक दिवसांत सकाळचं ऊन पडतं, ते पाहायला आपण जातो. फनोम रुंगला तो सोहळा पाहायला देशभरातून गर्दी लोटते. याच देवळाची शेषशायी विष्णूची एक कोरीव शिळा चोरीला गेली, ती पुढे शिकागोच्या संग्रहालयात निघाली. थाई लोकांनी एवढा गलका केला की 1988 मध्ये ती परत करावी लागली.

मग सुखोथाई, आणि 1351 पासून अयुथ्थया. नाव अयोध्येवरून घेतलेलं, राजा बुद्धाचा उपासक, आणि राज्याभिषेकाला मात्र ब्राह्मण. हे ब्राह्मण आपलं मूळ रामेश्वरम्-रामनाडकडे सांगतात. त्यांच्या विधींत आजही जुनी तमिळ स्तोत्रं म्हटली जातात. 2019 च्या राज्याभिषेकातही याच परंपरेतल्या राजपुरोहिताने राजाच्या हाती नऊ थरांचं छत्र सोपवलं.

अयुथ्थयेत आपल्या बाप्पाला जी नोकरी लागली ती ऐकून मी तरी थक्क झालो. तिथे हत्ती म्हणजे सैन्य, वाहन आणि राजाची प्रतिष्ठा, सगळं एकत्र. रानातला हत्ती पकडायचा, माणसाळवायचा, त्याची लक्षणं ओळखायची, यावर सचित्र पोथ्या होत्या, आणि या विद्येचा देव फ्रा थेवकम, म्हणजे हत्तीचं तोंड असलेला आपला गणेशच. हत्तीवर फास टाकायला निघालेला माणूस आधी हत्तीमुख देवाची पूजा करून निघे! एका अर्थी हे थेट मालकाची परवानगी घेण्यासारखं झालं. इकडे शिवाजी महाराज गड बांधत होते तेव्हा तिकडे नाराय राजा राज्य करत होता आणि ही विद्या भरात होती. विघ्नहर्ता, बुद्धिदाता हे सगळं आपल्याकडे. तिकडे तो जंगलखात्यात.

1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया जाळली. पंधरा वर्षांनी, 1782 मध्ये, पहिला राम या राजाने बँकॉकला नवी राजधानी उभारली आणि दोनच वर्षांत ब्राह्मणांसाठी देवस्थान बांधलं. पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते त्याच काळातली ही गोष्ट. या देवस्थानात तीन सभागृहं आहेत: एक शिवाचं, एक विष्णूचं, आणि एक खास गणपतीचं. समोर लाल रंगाचा उत्तुंग झोपाळा. त्यावर बसून ब्राह्मण उंच झोके घेत आणि खांबाला टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. 1935 मध्ये तो विधी बंद झाला, झोपाळ्याचे खांब मात्र रस्त्याच्या मधोमध उभे आहेत.

दुसरी मोठी बदली विसाव्या शतकात झाली. सहावा राम, म्हणजे राजा वजिरावुध, हा नाटकवेडा आणि लेखक. त्याच्या कारकिर्दीत 1911 मध्ये ललित कला खातं स्थापन झालं, 1914 मध्ये साहित्यमंडळ निघालं, आणि मंडळाच्या शिक्क्यावर गणपती आला. पुढे खात्याच्या बोधचिन्हावरही तोच बसला, भोवती सात कलांची सात रत्नं. फ्लॉरेन्सहून आलेले शिल्पकार कोर्रादो फेरोची यांनी 1943 मध्ये सिल्पाकॉर्न विद्यापीठ उभं केलं, त्याचंही चिन्ह गणपतीच. इटालियन गुरू, बौद्ध विद्यार्थी, कपाळावर गजानन! तेव्हापासून थायलंडमध्ये फ्रा फिक्खनेत, म्हणजे गणपती, हा चित्रकारांचा, नर्तकांचा, नटांचा देव. ‘खोन’ हे रामायणावरचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य शिकणारी मुलं वर्षातून एकदा गुरुपूजन करतात, तेव्हा मांडलेल्या मुखवट्यांच्या ओळीत हत्तीचा मुखवटा असतोच.

आपल्याकडेही गणपती कलांचा अधिपती आहे, पण कलावंतांनी त्याला एवढं कामाला लावलेलं नाही. याला अपवाद पेणचा. तिथल्या कारखान्यांत शाडूची किंवा प्लास्टरची मूर्ती रंगून झाली तरी ती मूर्तीच असते. मग आखणी करणारा कारागीर येतो. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, मनगट दुसऱ्या हातावर टेकवलेलं, आणि दोन-चार रेषांत डोळे उघडतात. आखणीचा हात सगळ्यांना नसतो, म्हणून त्याला मान वेगळा. थायलंडमध्येही बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा स्वतंत्र विधी आहे. तोवर तिथेही ती फक्त घडवलेली वस्तू.

गेल्या काही वर्षांत या थाई गणपतीला आणखी एक खातं मिळालंय, भरभराटीचं. बँकॉकच्या पूर्वेला चाचोएंगसाओ प्रांतात 39 मीटर उंचीचा उभा ब्राँझ गणपती आहे. त्याच्या हातांत पाश-अंकुश नाहीत. फणस, ऊस, केळी आणि आंबा आहेत. कोकणातल्या माणसाने यावर काय बोलावं? त्याच प्रांतात वात समान रत्तनाराम या बौद्ध विहाराच्या आवारात एक भलाथोरला गुलाबी गणपती आडवा पहुडलाय, अगदी आरामात. भोवती रंगीबेरंगी उंदीर. नवस बोलायचा तो थेट देवाला नाही, उंदराच्या कानात. आणि बोलताना त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर मागणं या कानातून त्या कानाने निघून जातं.

सिद्धिविनायकाला चांदीच्या उंदरांपाशी आपली माणसं हेच करतात. त्यामुळे तिकडून आलेल्या कोणा बाईंनी सराईतपणे उंदराचा एक कान झाकून दुसऱ्यात थाई भाषेत काही सांगितलं, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या दादरच्या काकू चकित होणारच. काय मागितलं ते कळायला मार्ग नाही, पण कान झाकायची पद्धत बरोबर होती.