मनावर ताण असह्य झाला तर पवनार परिसरात मदत कुठे मिळेल?



आज फवारणी-खताचा सल्ला नाही. विषय जिवाचा आहे, पूर्ण वाचा.

आधी नंबर सेव्ह करा: *14416 (टेली मानस)*. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, तरी गावात फार कमी जणांना माहीत आहे. फोन लागला की भाषा विचारतात, मराठी निवडा. प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात, गरज वाटली तर मानसोपचार डॉक्टरशी बोलणं करून देतात. बोललेलं गुप्त राहते. घरच्या माणसाची काळजी वाटत असेल तरी तुम्ही स्वतः फोन लावू शकता.

फोन कधी लावायचा? कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री 8-8 पतंग आले की आपण बोंडअळीचं मनावर घेतो, बोंडं सडेपर्यंत थांबत नाही. इथेही तसंच. झोप नाही, जेवण नाही, वावरात जाणं सोडलं, चिडचिड वाढली, दारू वाढली, कोणाशी बोलणं नाही, असं दोन आठवडे चाललं तर मदत घ्या. पण "आता जगून काय करू", "माझ्यामागे पोरांकडे पाहा" असं कोणी बोललं, तर दोन आठवडे नाही, दोन तासही थांबू नका.

अशा माणसाला सरळ विचारा: "भाऊ, जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं डोक्यात भरते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. उलट माणूस मोकळा होतो. मग ऐका. "हिंमत ठेव, बाकीच्यांचं पाय" हे ज्ञान तेव्हा नको. कर्जाचा हिशोबही नंतर. त्याला एकटं सोडू नका, त्याच्यासमोरच 14416 लावा. आणि घरातली फवारणीची औषधं उचलून दुसरीकडे कुलपात ठेवा. तसंही माझं सांगणं आहे की औषध लागेल तेवढंच न्या, उरलेले डबे घरात साठवू नका. धोक्याची घडी बऱ्याचदा थोडाच वेळ असते, त्या वेळेला हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

*दवाखाना:* सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातही दाखवता येते. सकाळीच जा, सोबत घरचं माणूस न्या. जिवावर बेतलं असेल तर ओपीडीची वाट नाही, लगेच *108* लावा. कोणी औषध घेतलं असेल तर घरी उलटी करवू नका, औषधाचा डबा सोबत न्या म्हणजे डॉक्टरला उपचार लवकर ठरवता येतो.

पोलिसांच्या भीतीनं काही घरं दवाखान्यात जायला उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जाते, त्याला शिक्षा नाही. त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. दवाखान्यात नोंद होते, ती नेहमीची पद्धत आहे.

फोनवर बोलायला जड वाटत असेल तर आशाताईला सांगा. 2015 मध्ये राज्याच्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात वर्धा आहे. आशाताईनं असा माणूस ओळखून दवाखान्यापर्यंत न्यावा, हा त्याचा गाभा.

गावातल्या माणसानं विचारण्यानं फरक पडतो का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शेकडा 4 होते, 18 महिन्यांत 27 झाले.

सावकाराचा त्रास हे कारण असेल, तर अवैध सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. अर्ज लिहायला कंपनीच्या ऑफिसात या, मी बसून लिहून देतो.

हा मेसेज घरच्या बायामाणसांच्या फोनवरही पाठवा, बदल आधी त्यांनाच दिसतो. कपाशीचा सल्ला उद्या नेहमीच्या वेळी येईल.