पिल्लांचे जंत

घरची कुत्री व्याली म्हणजे मुलांच्या दृष्टीने तो एक सणच असतो. जिन्याखालच्या पोत्यावर मिटल्या डोळ्यांचे पाच-सहा जीव एकमेकांना ढुशा देत आईच्या कुशीत शिरत असतात, आणि शाळेतून येताच दप्तर टाकून मुले तिकडे धाव घेतात. पहिले दोन आठवडे सारे सुरळीत चालते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र पिल्लांची पोटे नगाऱ्यासारखी दिसू लागतात. आपण कौतुकाने म्हणतो, "दूध पिऊन कशी गुबगुबीत झाली आहेत!" पण पाठीवरून हात फिरवावा, तर कणा हाताला लागतो. अंगावरचे केस निस्तेज झालेले असतात. एखादे पिल्लू ओकते आणि त्या ओकारीत शेवयांसारखे पांढुरके जंत वळवळताना दिसतात. मग एके सकाळी एक पिल्लू दगावते आणि दोन दिवसांनी दुसरे. कोणी म्हणतो दृष्ट लागली. कोणी आईच्या दुधाला दोष देतो. कोणी मुलांनी चाटविलेल्या गुळाला.

यांपैकी गूळ अगदी निर्दोष आहे. दुधावरील आरोपात मात्र थोडे तथ्य आहे. कारण पिल्लांना होणारे जंत बहुधा बाहेरून येत नाहीत. ते आईकडून येतात. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर पुढचे सारे उपाय आपोआप उमगतात.

गोल जंतांचे उदाहरण घेऊ. शास्त्रज्ञ या जंताला टॉक्सोकारा कॅनिस म्हणतात. मोठ्या कुत्रीच्या पोटात याची अंडी गेली, की त्यांतून निघालेल्या पुष्कळशा अळ्या आतड्यात न राहता तिच्या स्नायूंत व इतर अवयवांत शिरतात आणि तेथे निपचित पडून राहतात. कुत्रीला त्यांचा त्रास होत नाही. तिची विष्ठा तपासली तरी त्यांचा पत्ता लागत नाही. पुढे ती गाभण राहते. कुत्रीचे दिवस सुमारे नऊ आठवड्यांत भरतात. त्यांपैकी सहा आठवडे उलटले, की या निद्रिस्त अळ्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात प्रवेश करतात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच शत्रूला बरोबर घेऊन. जन्मानंतर या अळ्या फुप्फुसांतून घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात वाढतात. पिल्लू तीन आठवड्यांचे होते न होते, तोच त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी पडू लागतात.

दुसरा शत्रू अंकुशकृमी. हा आकाराने लहान, पण अधिक घातक. याच्या अळ्या मुख्यत्वे आईच्या दुधातून पिल्लांच्या पोटात जातात. आतड्याच्या अस्तराला दातांनी चिकटून तो रक्त पितो. पिल्लाच्या अंगात रक्त ते किती असणार! हिरड्या पांढऱ्या पडतात, विष्ठा डांबरासारखी काळी होते, आणि विष्ठेत अंडी दिसू लागण्यापूर्वीच एखादे पिल्लू मान टाकते. अशा पिल्लाला केवळ जंताचे औषध पुरत नाही. त्याला तातडीने पशुवैद्याकडेच न्यावे लागते.

आता उपायांकडे वळू. पिल्लू कोवळे आहे, औषध त्याला सोसणार नाही, दोन महिन्यांचे झाले म्हणजे पाहू, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत दयेपोटी असली तरी घातकच आहे. पायरँटेलसारखे औषध आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही. म्हणून ते दोन आठवड्यांच्या पिल्लासही देता येते. पहिली मात्रा दुसऱ्या आठवड्यात द्यावी. त्यानंतर चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात. आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा. इतक्या वेळा कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे, की औषध आतड्यातील जंत मारते. अंगात अन्यत्र असलेल्या अळ्यांपर्यंत ते पोहोचत नाही. आज आतडे स्वच्छ झाले, तरी मागून येणारी तुकडी पंधरवड्यात तेथे दाखल होते. ती अंडी घालू लागण्यापूर्वीच तिला गाठावयाचे असते.

मात्रा पिल्लाच्या वजनावर ठरते, अंदाजावर नव्हे. प्रत्येक पिल्लू तराजूत घालून वजन टिपून ठेवावे आणि औषधाचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. सुपारी, तंबाखू यांसारखे घरगुती जालीम उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. त्यांनी जंतांआधी पिल्लूच जावयाचे.

पिल्लांबरोबर आईलाही औषध द्यावयास विसरू नये. ती पिल्लांना चाटून स्वच्छ करते आणि त्यांचे जंत पुन्हा स्वतःच्या पोटात घेते. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून विण्यानंतरच्या चौदाव्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडाझोल दिल्यास पिल्लांकडे जाणाऱ्या अळ्यांची संख्या पुष्कळच घटते. पण हा उपाय पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावा.

याला स्वच्छतेची जोड हवी. गोल जंताची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधत नाहीत. बाधक होण्यास त्यांना मातीत दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी. एकदा मातीत मिसळलेली अंडी मात्र वर्षानुवर्षे टिकतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. फरशीवर उकळते पाणी ओतावे, अंथरूण कडक उन्हात टाकावे. ऊन आणि कोरडेपणा अंकुशकृमीच्या अळ्यांनाही मानवत नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर तो पट्टकृमी समजावा. तो पिसवांमार्फत येतो. त्याचे औषध निराळे असते, आणि पिसवांचा नायनाट केल्याखेरीज तो हटत नाही.

ही सारी खटाटोप केवळ पिल्लांसाठी नाही. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने मुलांच्या डोळ्यांचे छेद तपासले. त्यांतील बहुतेक डोळे अर्बुदाच्या संशयाने काढून टाकलेले होते. पुष्कळशा डोळ्यांत तिला अर्बुद नव्हे, तर कृमीच्या अळ्या आढळल्या. १९५२ साली पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कुत्र्याच्या या जंताच्या अळ्या मुलांच्या यकृतात व इतर अवयवांत भटकत राहून आजार उत्पन्न करतात. पिल्लाला गोंजारल्याने सहसा असे होत नाही; दूषित मातीत खेळलेले हात तोंडात गेल्याने होते.

म्हणून पिल्लांना मुलांपासून दूर करू नका. त्या मैत्रीतून मुले जी माया शिकतात, ती अन्यत्र क्वचितच शिकावयास मिळते. पिल्लांना वेळच्या वेळी औषध द्या, अंगण झाडून स्वच्छ ठेवा, खेळण्यासाठी आणलेली वाळू झाकून ठेवा, आणि खेळून आलेल्या मुलाला ताटावर बसण्यापूर्वी हात धुवावयास लावा. पहिल्या औषधाचा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलांनाच मांडावयास सांगा. पुढचा दिवस ती विसरू देणार नाहीत.