खाऊची खेळणी आणि कुत्र्याचा अन्नशोध

खानदेशातील उन्हाळा हा पाळीव कुत्र्याच्या दिनक्रमातील सर्वांत रिकामा काळ होय. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. धुळ्याकडेही भर दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही; त्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते. त्यामुळे पहाटेचे व रात्रीचे फिरणे वगळले, तर मधला सारा दिवस ओसरीवर, जिन्याखाली अथवा फाटकाशी साखळीला बांधलेल्या अवस्थेत जातो. मग चपला कुरतडणे, अंगण उकरणे, एकसारखे भुंकणे, स्वतःचाच पंजा चाटून चाटून तेथील केस घालविणे, असे प्रकार सुरू होतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि कधी कधी ‘कुत्रे बिघडले’ असा निकाल देऊन त्याला गावाबाहेर सोडून दिले जाते. बिघाड कुत्र्यात आहे की त्याच्या दिनक्रमात, हा प्रश्न तत्पूर्वी विचारावयास हवा. तो सहसा विचारला जात नाही.

साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांच्या कळपाबरोबर चालणाऱ्या कुत्र्याशी या कुत्र्याची तुलना करून पाहावी. मेंढपाळाच्या कुत्र्याला मिळणारी भाकरी बेताचीच असते. पण त्याचा दिवस वास घेण्यात, वाट काढण्यात, कळपाभोवती फिरण्यात जातो आणि रात्र लांडग्याच्या चाहुलीकडे कान लावण्यात जाते. शहरातील कुत्र्याला पोटभर अन्न मिळते, परंतु ते अर्ध्या-एक मिनिटात संपते. अन्नाभोवतीचा जो शोध त्याच्या जातीने हजारो वर्षे केला, तोच नेमका त्याच्या वाट्यातून वजा झालेला असतो.

खाऊ देणाऱ्या खेळण्याचा उपयोग येथे होतो. पोकळ, टणक अशा वस्तूत अन्न भरावयाचे आणि ते चाटून, ढकलून, उलटेपालटे करूनच बाहेर निघेल अशी योजना करावयाची, एवढेच त्याचे तत्त्व. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध झालेले ‘काँग’ हे रबरी खेळणे अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९७०-८० या दशकात निघाले. जो मार्कहॅम या गृहस्थांचा कुत्रा दगड चावून दात झिजवीत असे. एकदा त्याने फोक्सवागन गाडीचा एक रबरी सुटा भाग पळविला व दगड सोडून दिले, त्यावरून ही कल्पना सुचली, अशी त्याची जन्मकथा सांगतात.

या साधनामागील मानसशास्त्रीय प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. १९६३ साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग सुपरिचित आहे. तरफ दाबून अन्न मिळविण्यास शिकलेल्या उंदरांपुढे अन्नाने भरलेली वाटीही ठेवली असता, त्यांनी वाटीतले अन्न असूनही आपल्या अन्नाचा काही भाग तरफ दाबून मिळविला. आणि पूर्वी तरफ दाबण्याचा सराव जितका अधिक, तितका हा भाग मोठा. पुढे १९६९ मध्ये न्यूरिंगर यांना कबुतरांतही असेच वर्तन आढळले. मांजर मात्र या नियमाला अपवाद ठरले: कॉफर व कूल्सन यांच्या १९७१ मधील प्रयोगात मांजरांनी आयते अन्नच पसंत केले. (मांजर पाळणाऱ्यांना यात फारसे आश्चर्य वाटणार नाही.) केवळ भूक भागविणे हाच अन्नवर्तनाचा हेतू मानणाऱ्या उपपत्तीला हे निष्कर्ष अडचणीचे होते. शोध घेण्याच्या क्रियेला स्वतःचे असे काही प्रबलनमूल्य असावे, असे मानणे त्यामुळे भाग पडले.

कुत्र्याविषयीचा पुरावा इतका सरळ नाही. २०२४ साली रॉथकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती कुत्र्यांपुढे एकीकडे उघडे तबक व दुसरीकडे हुंगून अन्न काढावयाची चटई ठेवली. बहुतेक कुत्रे चटईतले अन्नही काढून खाण्यास तयार होते, परंतु आयत्यापेक्षा कष्टाचे अन्न त्यांना अधिक प्रिय आहे, असे दिसले नाही. ‘कुत्र्याला कष्टाची भाकरीच गोड लागते’ असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला या प्रयोगाचा आधार मिळत नाही. तथापि पसंती आणि परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००८ साली शिपर व इतरांनी कोंडून ठेवलेल्या कुत्र्यांना अन्नाने भरलेली खेळणी दिली, तेव्हा त्यांची हालचाल वाढली व भुंकणे कमी झाले. २०१४ मधील मॅकगोवन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग याहून सूक्ष्म आहे. त्यात बीगल जातीच्या कुत्र्यांच्या जोड्या होत्या. जोडीतील एकाला उपकरण चालविल्यावर बक्षीस मिळे. दुसऱ्याला तितकेच बक्षीस मिळे, पण त्याच्या कृतीशी त्याचा संबंध नसे. पहिला शेपूट हलवीत प्रयोगाच्या जागी जाण्यास उत्सुक असे, तर दुसरा पुढे पुढे जाण्यास नाखूष होऊ लागला. बक्षीस सारखेच असल्याने हा भेद अन्नाचा असू शकत नाही. तो आपल्या कृतीने काही घडते या अनुभवाचा असला पाहिजे.

भारतीय कुत्र्याच्या दृष्टीने कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या गटाचे काम विशेष मोलाचे आहे. या गटाने २०१७ साली रस्त्यावरील कुत्र्यांना दोन प्रकारची कोडी दिली: एक, कचऱ्याच्या पिशवीसारखे परिचित, दुसरे, झाकणाच्या डब्यासारखे अपरिचित. परिचित कोडे सोडविण्यात कुत्र्यांना स्पष्टपणे अधिक यश आले. उलट, मोनिक उडेल यांच्या २०१५ मधील प्रयोगात बंद डब्यातील अन्न बहुतेक लांडग्यांनी काढले, परंतु पाळीव कुत्रे बहुधा थोडा प्रयत्न करून माणसाकडे पाहत राहिले. या दोन निष्कर्षांचा व्यावहारिक अर्थ असा की, नवे खेळणे पुढे टाकून ‘आमच्या कुत्र्याला यात रस नाही’ असे म्हणणे घाईचे होय. पहिले काही दिवस ते इतके सोपे असावे की नुसते पाडल्याने खाऊ सांडावा; अडचण क्रमाक्रमाने वाढवावी.

असे खेळणे विकत घेतलेच पाहिजे असे नाही. गोणपाटावर जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घट्ट गाठवून हुंगण्याची चटई होते. आप्पेपात्राच्या खळग्यांत भाकरीचे तुकडे ठेवून प्रत्येकावर चेंडू ठेवला तर उत्तम कोडे तयार होते. चेंडू मात्र घशात जाणार नाही इतका मोठा हवा. उन्हाळ्यात बिनसाखरेचे दही आणि कुस्करलेले केळे पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवावे. थंडाव्यामुळे ते सावकाश चाटले जाते व केळ्यांच्या या मुलखात खर्चही नगण्य येतो. दूध-दही न पचणाऱ्या कुत्र्याला नुसते केळे पुरते. कोरडी भाकरी कुत्र्याला रुचत नसेल तर ती मांसाच्या बिनमिठाच्या पाण्यात बुडवावी. भद्र यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखविले आहे की रस्त्यावरील कुत्रा पावाच्या तुकड्यांतून मांसाच्या वासाचा तुकडा आधी उचलतो.

खानदेशी स्वयंपाकघरातून काय देऊ नये, हेही येथेच नोंदविणे आवश्यक आहे. भरीत, शेवभाजी अथवा लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी कुत्र्याला मुळीच देऊ नये. कांदा व लसूण यांनी त्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश होतो. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. मक्याचे सोललेले कणीस चघळावयास देण्याची प्रथा निरुपद्रवी वाटते, पण त्याचा गिळलेला तुकडा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. नारळाची करवंटीही फुटल्यावर धारदार होते. भरलेले अन्न रोजच्या वाट्यातूनच काढावे, नाहीतर कंटाळा जाऊन स्थूलता येते. घरात दोन कुत्रे असतील तर खेळणी वेगवेगळ्या खोल्यांत द्यावीत. अन्नावरून होणारी भांडणे अशा वेळीच उद्भवतात.

या साधनाची मर्यादा एका साध्या निरीक्षणाने कळते. मालक बाहेर जाताना भरून ठेवलेले खेळणे तो परतेपर्यंत जसेच्या तसे पडून राहते आणि तो दारात येताच कुत्रा त्यावर तुटून पडतो, असे घडत असेल तर ते कंटाळ्याचे लक्षण नव्हे. कुत्र्याला एकटेपणाची भीती वाटत आहे, व त्या भीतीत त्याची भूकच नाहीशी होत आहे, असे समजावे. तेथे खेळणे बदलून उपयोग नाही. एकटे राहण्याचा काळ काही मिनिटांपासून हळूहळू वाढवीत न्यावा लागतो व पशुवैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. प्रात्यक्षिकासाठी या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच खेळणे रिकामे झाले की नाही एवढेच न नोंदविता, ते केव्हा रिकामे झाले, त्या वेळी घरात कोण होते आणि सावलीतील तापमान किती होते, हेही टिपावे. कॅमेऱ्याचा एक साधा फोन ओसरीवर ठेवला तरी त्यास पुरेसा आहे.