आधी कान, मग जीभ

दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या पुढे गुण मिळवणारी मुलगी मुलाखतीला गेली की गप्प होते. व्याकरण पक्के असते, शब्द पाठ असतात, पण समोरच्याने दोनदा 'पार्डन?' म्हटले की तिचे अवसान गळते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्या कितीतरी मुला-मुलींची ही गत होते. घरचे म्हणतात, 'हिला इंग्रजी येत नाही.' इंग्रजी येत असते, अडते ते चार-दोन व्यंजनांपाशी. ही व्यंजने एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की आपल्या कानाला ती एकच वाटतात. आणि जे कानाला वेगळे ऐकू येत नाही, ते जिभेने वेगळे कसे काढायचे?

कान कधी मिटतो?

1984 साली कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतील 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा फरक कळत होता. वर्ष भरत आलेल्या मुलांना मात्र तो जवळजवळ कळेनासा झाला होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांनाही तो सहसा ऐकू येत नाही. ज्या 'ट' आणि 'त'मध्ये आपल्याकडचे शेंबडे पोरही गफलत करत नाही, तिथे भलेभले साहेब अडतात.

याचा अर्थ सरळ आहे. घरात जी भाषा बोलली जाते, तिला लागणारे फरक बाळाचा कान जपतो आणि बाकीचे सोडून देतो. त्यामुळे इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपल्याला सारखे वाटले, तर त्यात बुद्धीचा दोष नाही आणि शरमेचे तर काहीच नाही.

मिटलेला कान पुन्हा उघडतो, ही त्याहून चांगली बातमी. जपानी भाषेत 'र' आणि 'ल' असे दोन वेगळे ध्वनी नाहीत. 1991 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी जपानी प्रौढांना या दोन ध्वनींच्या शब्दजोड्या वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत काही आठवडे ऐकवल्या. त्यांची ओळखण्याची क्षमता वाढली. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. केवळ ऐकण्याचा सराव केलेल्यांचा उच्चारही सुधारला होता. म्हणजे कान तयार झाला की जीभ त्याच्या मागे जाते.

आपल्या घरातली शिदोरी

या कामात आपण कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. मराठीत 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जगणे' म्हणजे जिवंत राहणे. अक्षर एकच, पण दोन्हींतला 'ज' वेगळा. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' यांतला 'च'ही असाच. लिपी फरक दाखवत नाही, तरी आपला कान तो बिनचूक पकडतो. इंग्रजीत अक्षरे 26 आणि व्यंजनध्वनीच सुमारे 24, त्यामुळे तिथेही एका अक्षराला वा अक्षरजोडीला दोन-दोन ध्वनी सांभाळावे लागतात.

दुसरी शिदोरी मकतबमधली. कारीसाहेब मुलांना प्रत्येक हर्फचा मखरज, म्हणजे तो तोंडात नेमका कुठून निघतो ती जागा, शिकवतात. ही विद्या फार जुनी आहे. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी अरबी शब्दकोश रचताना हर्फ अलिफ-बेच्या क्रमाने न घेता घशापासून ओठांपर्यंत घेतले. पहिला आला 'ऐन', म्हणून ग्रंथाचे नाव 'किताबुल ऐन'. आपली वर्णमालाही याच वाटेने चालते. 'क' घशाजवळचा, 'प' ओठांचा. इंग्रजीच्या व्यंजनांनाही हाच प्रश्न विचारायचा : हा ध्वनी कुठून निघतो?

'टी-एच'चे दोन ध्वनी

आपण 'थिन' (बारीक) म्हणताना 'थाळी'तला 'थ' काढतो. या 'थ'मध्ये जीभ दातांमागे हवा अडवते आणि मग सोडते. इंग्रजी ध्वनीत हवा अडतच नाही, ती सतत झिरपत राहते. आपला 'थ' इंग्रज कानाला 'ट'सारखा लागतो. कारण वर सांगितलेच आहे. दाताजवळचा आणि टाळूकडचा फरक तो कान ओळखत नाही. मग 'थिन'चे 'टिन' होते आणि 'थ्री'चे 'ट्री'.

उपाय मकतबमध्ये शिकलेला आहे. 'सवाब', 'हदीस', 'कौसर' हे शब्द बोलताना आपण साधा 'स' म्हणतो, पण तिलावत करताना याच शब्दांतला 'से' काढण्यासाठी कारीसाहेब जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावायला सांगतात. 'थिंक', 'थ्री', 'बाथ' यांचा ध्वनी तोच. आणि 'अजान', 'जिक्र' यांतला 'जाल' तिलावतीत जसा निघतो, तसाच 'दिस', 'दे', 'मदर' यांतला ध्वनी. मात्र घरच्या सवयीने तिथे 'स' आला, तर 'आय थिंक'चे 'आय सिंक' होईल. 'मला वाटते' म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला 'मी बुडतो' ऐकू यायचे!

'व्ही' आणि 'डब्ल्यू'

मराठी 'व' या दोघांच्या मधोमध उभा आहे. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि हवा घासत जाऊ द्या. 'डब्ल्यू'साठी शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करा. दातांचा ओठाला स्पर्श नको. मराठीत 'व्ही' दाखवायला आपण 'व्ह' लिहितो, पण त्यात 'ह' मुळीच नाही, हे मुलांना सांगावे लागते. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. 'व्हाइन' म्हणजे द्राक्षाची वेल आणि 'वाइन' म्हणजे दारू. शेतकऱ्याच्या मुलाने परदेशी पाहुण्याला आपला मळा दाखवताना हा फरक सांभाळलेला बरा.

'प्राइस' आणि 'प्राइज'

पहिला शब्द किमतीचा, दुसरा बक्षिसाचा. शेवटचे व्यंजन पहिल्यात 'स', दुसऱ्यात 'नमाज'मधला 'ज'. गळ्यावर बोट ठेवून 'स्स्स' म्हणा, कंप नाही. आता 'नमाज'मधला 'ज' लांबवा, बोटाला गुणगुण जाणवेल. तजवीद शिकलेल्यांना इथे 'हम्स' आणि 'जहर' हे शब्द आठवतील. कल्पना अगदी तीच नसली तरी शेजारची आहे. आणखी एक खूण म्हणजे 'प्राइज'मधला स्वर 'प्राइस'पेक्षा थोडा लांबतो.

मराठीत हा ध्वनी 'झ'ने लिहायची रीत आहे : झेब्रा, झोन, झीरो. त्यामुळे मुले 'झाड'मधला 'झ' काढतात. ज्या घरात 'जकात', 'रोजा', 'जमीन' रोज बोलले जाते, त्या घरात खरा ध्वनी आधीच आहे. तो फक्त इंग्रजी शब्दात नेऊन बसवायचा.

'कोट' की 'गोट'?

ही अडचण सहसा कुणी सांगत नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे 'प', 'ट', 'क' हवेच्या झोतासह निघतात. आपण ते कोरडे काढतो, म्हणून इंग्रज कानाला आपला 'पॅक' 'बॅक'सारखा आणि 'कोट' 'गोट'सारखा (बकरी) वाटू शकतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. 'कोट', 'पॅक', 'टाय' म्हणताना पट्टी हलली पाहिजे. 'गोट', 'बॅक', 'डाय' म्हणताना ती जवळजवळ स्थिर राहील.

रोजची दहा मिनिटे

यासाठी महागडा क्लास लागत नाही. एका वेळी एकच जोडी घ्या. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात दोन्ही शब्दांचे आवाज मोफत ऐकता येतात. आधी नुसते ऐकावे, ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही आवाज. मग घरातल्या कुणीतरी मोबाइल हातात घेऊन त्यातला कोणताही एक शब्द लावावा. पहिला वाटला तर मुलाने एक बोट वर करावे, दुसरा वाटला तर दोन. पडद्याकडे पाहायचे नाही, कानानेच ओळखायचे. दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ लागले की मग बोलायची पाळी. आता मुलाने पाठ फिरवून शब्द म्हणावा आणि अम्मी, दादा किंवा खाला यांनी ओळखावा. त्यांचाही कान सोबत तयार होतो. शेवटी मोबाइलच्या आवाजी टंकलेखनात तो शब्द बोलून पाहावा. फोन 'थ्री' लिहितो की 'ट्री', ते लगेच दिसते.

एक पथ्य मात्र सगळ्या घराने पाळावे. चुकलेल्या उच्चाराची नक्कल करून हसू नये. हसलेले मूल उच्चार सुधारत नाही, बोलणेच सोडते.

साहेबासारखे बोलण्याचा हट्टही नको. परदेशी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेत तोंडी भागाच्या चार निकषांपैकी एक उच्चाराचा आहे, आणि तिथेही ऐकणाऱ्याला आपले बोलणे किती सहज समजते हे पाहिले जाते. आपला लहेजा आपल्या गावाची ओळख आहे, तो राहू द्यावा. 'थिन' आणि 'टिन' वेगळे ऐकू आले, किंमत आणि बक्षीस यांची गल्लत झाली नाही, की काम झाले. चार जोड्या, प्रत्येकीला दोन-तीन आठवडे. पुढच्या मुलाखतीपूर्वी एवढा वेळ बहुतेकांच्या हाताशी असतो.